तंजावर: दीड दिवस आणि सासूबाई

नवऱ्याला कंपनीच्या कामासाठी दोन दिवस तिरुचिरापल्लीला, म्हणजे त्रिचीला, जायचं होतं. आम्ही दोघी त्याच्यामागे लागून गेलो, म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. आईंचं वय त्र्याहत्तर. एक गुडघा बदललेला आहे, दुसऱ्याबद्दल ‘बघू’ असं चाललंय. त्रिचीत बसून श्रीरंगम करा, असा नवऱ्याचा सल्ला होता. आई म्हणाल्या, “देवळं पुष्कळ झाली. मला तंजावर दाखव. तिथं आपले राजे होते.” झालं, ठरलं.

मी रात्रभर जागून मोबाइलवर यादी केली. मोठं देऊळ, राजवाडा, सरस्वती महाल, कलादालन, श्वार्ट्झचं चर्च, तिरुवैयारु, कुंभकोणम, दारासुरम, स्वामीमलै, गंगैकोंडचोळपुरम, शिवाय दोन तळी आणि दोन मिठायांची दुकानं. एकूण चौदा ठिकाणं. नकाशावर सगळं हातभर अंतरावर दिसतं. आईंनी चष्मा लावून यादी वाचली आणि विचारलं, “ह्यात जेवायचं कधी?” दुकानं सोडली तर त्यातली शेवटी आम्ही पाच पाहिली आणि त्यातलं एक दोनदा पाहिलं. त्या हिशेबाचीच ही गोष्ट आहे.

त्रिचीहून तंजावर साधारण साठ किलोमीटर. बसही भरपूर, पण बस गावाबाहेरच्या नव्या स्टँडवर सोडते आणि तिथून परत गावात यायला दुसरी बस किंवा रिक्षा. रेल्वेनं गेलं तर तास-सव्वा तासात स्टेशन, आणि स्टेशनपासून मोठं देऊळ दोनेक किलोमीटर. आम्ही सकाळची गाडी धरली. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती, मधे मधे केळीच्या बागा. कावेरीच्या ह्या मुलुखाला तमिळनाडूचं भाताचं कोठार म्हणतात ते उगाच नाही. आईंना कोकण आठवलं. मला भूक आठवली.

पहिली चूक स्टेशनजवळच्या लॉजवर पोचल्या पोचल्या झाली. खोली मिळाली, पंखा लागला, आईंनी पाय वर घेतले, मी म्हटलं देऊळ काय इथंच आहे, जाऊ निवांत. निघेपर्यंत बारा वाजले. तिकडची मोठी देवळं दुपारी बंद होतात हे मला पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं आणि घड्याळ बघणं वेगळं. गाभारा साडेबाराच्या सुमाराला बंद होतो तो थेट चारला उघडतो. आम्ही चपला ठेवून आत शिरलो तेव्हा बारा वीस झाले होते.

आणि चपला नसणं हीच खरी गंमत. ते अख्खं अंगण दगडी फरशीचं. फेब्रुवारी असला तरी भरदुपारचा दगड तव्यासारखा झालेला. माणसांना चालायला काथ्याची एक लांब पट्टी अंथरलेली असते, पण ती सगळीकडे जात नाही. मी उड्या मारत सावलीला गेले. आईंना नव्या गुडघ्यानं उड्या मारता येईनात. त्या पट्टीवरच उभ्या राहून वर बघत होत्या, नि मी त्यांना लांबून हाका मारत होते. शेवटी एका बाईनं स्वतःच्या पिशवीतलं वर्तमानपत्र काढून त्यांच्या पायाखाली टाकलं. तसं एकेक पान पुढे टाकत टाकत आम्ही दरवाजा गाठला. जुने पायमोजे सोबत ठेवा, एवढं ह्यावरून सांगते. देवळात मोज्यांना कुणी काही म्हणत नाही.

मग जेवण. देवळातून बाहेर पडून रिक्षावाल्याला ‘साप्पाडु’ एवढा एकच शब्द म्हटला. साप्पाडु म्हणजे जेवण. त्यानं ज्या खाणावळीपुढे उतरवलं तिचं नाव सांगू शकत नाही, कारण पाटी फक्त तमिळमध्ये होती. आत लांबलचक टेबलं, केळीची पानं, आणि पान मांडलं की आपणच त्यावर पाणी शिंपडून हातानं निपटायचं. वाढप्यांचं जे चालतं ते बघण्यासारखं असतं. एक भाज्या टाकत पुढे जातो, एक भात, एक सांबार, आणि तुम्ही भातात आळं केलं नसेल तर तो थांबत नाही, सांबार पानभर पळतं. क्रम असा: आधी सांबार-भात, मग आंबट-तिखट कुळंबु, मग रसम-भात, शेवटी ताक-भात. दर वेळी भात नवा. आईंनी पहिल्याच फेरीला पोटभर भात घेतला आणि रसम आलं तेव्हा हतबल होऊन माझ्याकडे बघितलं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हात पानावर आडवा धरून शिकवलं: “पोदुम.” म्हणजे पुरे. दीड दिवसात हा शब्द आम्ही सगळ्यात जास्त वापरला.

पण खरी गोष्ट भाजीची झाली. वाढप्यानं वांग्याची एक पातळसर, डाळ घातलेली, खोबऱ्याच्या वाटणाची भाजी वाढली. आईंनी विचारलं, काय हे? तो जाता जाता म्हणाला, “रसवांगी.”

आईंचा घास तसाच राहिला. “काय म्हणाला? रस-वांगी?”

हो. तंजावरकडचा नेहमीचा पदार्थ आहे तो, आणि नाव आपलंच. तसंच ‘पिट्लै’ नावाचा एक प्रकार तिकडे करतात, कारलं किंवा वांगं घालून, डाळीत. आपल्या पिठल्याशी त्याचं रूप फारसं जुळत नाही, पण नावाचं नातं लपत नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी १६७५ च्या आसपास इथं आले आणि त्यांच्या वंशजांनी १८५५ पर्यंत राज्य केलं. पावणेदोनशे वर्षांत स्वयंपाकघरं एकमेकांत मिसळणारच. सांबार हा शब्द संभाजी महाराजांवरून आला, तंजावरच्या शाहराजांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली म्हणून आमटीत चिंच घातली गेली, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. आमच्या रिक्षावाल्यानंही सांगितली. गोष्ट छान आहे, पण तिला तेव्हाचा लेखी आधार कुणी दाखवलेला मी पाहिलेला नाही. मला रसवांगी जास्त भरवशाची वाटते. तिला गोष्टीची गरजच नाही, नावातच सगळं आहे.

जेवण झालं की पान आपल्याकडे घडी घालून मिटायचं. मी उलटं मिटलं तर समोरच्या बाई हसल्या. दोन तास झोपलो. ह्या झोपेमुळे मला आधी अपराधी वाटत होतं, एवढ्या लांब येऊन झोपायचं? पण तिकडच्या गावांचा दिवसच दोन तुकड्यांचा आहे, सकाळचा आणि संध्याकाळचा. मधला तुकडा त्यांनीच सोडून दिलेला असतो. आपण तो भरायला गेलो की पाय भाजतात.

साडेचारला परत देवळात. आता तेच अंगण वेगळं. बाहेरून आत येताना तीन दरवाजे लागतात. सगळ्यात बाहेरचा मराठ्यांच्या काळातला, मग केरळांतकन, मग राजराजन. केरळांतकन ही राजराज चोळाची पदवी, केरळच्या राजाला हरवल्याची. राजराजानं हे देऊळ १०१० साली पुरं केलं. मुख्य शिखर साठ मीटरच्या वर जातं. जवळपास डोंगर नाही, खडक नाही, सगळा दगड लांबून आणलेला. १९८७ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून नोंद केली आणि २००४ मध्ये गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरमची देवळं त्यात जोडली. तिथले लोक मात्र त्याला नुसतं ‘पेरिय कोविल’ म्हणतात, मोठं देऊळ.

एक माहिती देणारा मागे लागला. ह्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं त्याचं पहिलं वाक्य. त्या वेळी आम्ही नंदीच्या मंडपाजवळ बसलो होतो, आणि कुठे बसलो होतो तर शिखराच्याच चांगल्या लांबलचक सावलीत. देऊळ पूर्वाभिमुख आहे, संध्याकाळी सावली पुढे अंगणात येते. आईंनी त्याला जमिनीकडे बोट करून दाखवलं. तो जराही न वरमता म्हणाला, “दुपारी पडत नाही, अम्मा.” दुपारचा अनुभव आम्हाला ताजा होता. सावली असती तर पाय भाजले नसते, हे त्याचं खरं होतं म्हणायचं.

राजराजाच्या देवळात मला काय आवडलं विचाराल तर जोत्यावरची अक्षरं. देवळाच्या पायाभोवती, कमरेच्या उंचीवर, ओळीच्या ओळी तमिळ शिलालेख आहेत. कुणी काय दान दिलं त्याची बारीक नोंद आहे: सोनं, मूर्ती, दिवे, तेलतुपासाठी गुरं. देवळाच्या सेवेत आणलेल्या चारशे नर्तकींची नावंही, कुठल्या गल्लीत कुठलं घर दिलं त्यासकट. ह्या सगळ्याची सुरुवात राजाच्या आज्ञेनं होते, आणि त्यात तो म्हणतो की आम्ही दिलेलं, आमच्या ‘अक्कन’नं दिलेलं, आमच्या बायकांनी दिलेलं आणि इतर दात्यांनी दिलेलं दगडावर कोरा. अक्कन म्हणजे थोरली बहीण, कुंदवै. राण्यांच्या आधी बहिणीचं नाव. आईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अक्का ती अक्काच.” आईंना चार भाऊ आहेत, त्यामुळे ह्यावर मी काही बोलले नाही.

आपल्या मराठीचा लेख शोधायला मात्र जरा फिरावं लागतं. अंगणाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात गणपतीचं देऊळ आहे, त्या बाजूच्या भिंतीवर तो आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला. भिंतच्या भिंत देवनागरीची. शब्द सुटे नाहीत, काही अक्षरं झिजलेली, त्यामुळे वाचायला बसलं की पहिलीच्या मुलासारखं बोट ठेवून वाचावं लागतं. आई तशाच वाचायला लागल्या. मोठ्यानं. त्यांना मोठ्यानंच वाचता येतं.

चार-पाच ओळी झाल्या असतील, शेजारी एक आजी येऊन उभी राहिली. नऊवारी नाही, कांजीवरम नाही, साधी सुती साडी, केसात अबोलीचा गजरा. आईंचं थांबलं की ती हातानं ‘चालू दे’ म्हणायची. मग ती बोलली, आणि आम्ही दोघी गार. बोलण्याचा सगळा लहेजा तमिळ, वाक्याचा शेवट वर उचललेला, पण शब्द मराठी. जुने, थोडे बखरीतल्यासारखे. तिचं घराणं तंजावरचंच, कितीतरी पिढ्यांचं. घरात अजून हीच बोली बोलतात, आणि शेजारीपाजारी त्यांना ‘रायर’ म्हणतात. पण देवनागरी तिला वाचता येत नव्हती. शाळा तमिळमधून झालेली. म्हणजे हा लेख जिच्या भाषेत आहे ती त्याच्यासमोर आयुष्यभर येत-जात होती, आणि आत काय लिहिलंय ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू येत होतं. आईंना अक्षरं लागत होती पण जुने शब्द अडत होते. त्यातला एखादा ती सहज सांगायची, कारण तिच्या घरात तो अजून चालतो. दोघींनी मिळून वीसेक ओळी लावल्या असतील. मी पाण्याची बाटली धरून उभी.

मग बोलणं अर्थातच स्वयंपाकावर गेलं. तिनं सांगितलं की त्यांच्याकडे सणाला डांगर हवंच. उडदाचं भाजलेलं पीठ, दह्यात कालवायचं, वर हिंगाची फोडणी. आई म्हणाल्या, “अगं, हे तर आमच्याकडे उन्हाळ्यात रोज.” दोघींनी एकमेकींचे हात धरले. इतिहासाचे किती ग्रंथ वाचले तरी मला तो काळ जितका कळला नसता तितका त्या डांगरावरून कळला. आजी निघून गेल्यावर आई बराच वेळ गप्प होत्या, आणि त्या गप्प बसल्या की मला काळजी वाटते. दिवे लागेपर्यंत बसलो. शिखर हळूहळू पिवळ्याचं तांबूस आणि मग काळं झालं.

रात्री जेवायची इच्छा नव्हती. नुसतं गोड खाऊ म्हटलं. तंजावरात ‘बॉम्बे स्वीट्स’ नावाचं दुकान प्रसिद्ध आहे आणि तिथली चंद्रकला नामांकित. करंजीसारखी मुरड घातलेली, आत खव्याचं सारण, वरून पाकात बुडवलेली. मुंबईहून तंजावरला जाऊन बॉम्बे स्वीट्समध्ये करंजीची मावशी खायची, ह्यात जो काही विनोद आहे तो आईंना पटला नाही. त्यांनी दोन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा देवळात. यादीतली चार ठिकाणं ह्या एका फेरीवर गेली आणि मला त्याचं जराही दुःख नाही. सकाळी दगड गार असतो, माणसं कमी, पोपट शिखरावर ओरडत असतात, आणि आपण अंगणाला पूर्ण प्रदक्षिणा घालू शकतो. गाभाऱ्याभोवतीच्या आतल्या बोळात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत, ती सगळ्यांना बघायला मिळत नाहीत. आवारात त्यांच्या प्रतिकृती लावल्यात, त्या बघितल्या.

न्याहारीला कडप्पा. हे नाव ऐकून आंध्रातला जिल्हा डोक्यात येतो, पण हा तंजावर-कुंभकोणमकडचा पदार्थ: मुगाची डाळ आणि बटाटा, बडीशेप-खोबऱ्याच्या वाटणातला, पांढरट पातळ रस्सा, इडलीवर ओतून खायचा. सांबारानं कंटाळलेल्या माणसाला हा वरदान वाटतो. आणि कॉफी. पितळी दबरा-टंबलरमध्ये, म्हणजे पसरट वाटी आणि पेल्यात, चिकोरी घातलेली, वाढप्यानं हातभर उंचीवरून ओतून फेसाळलेली. आई घरी चहा पितात आणि कॉफीला ‘औषध’ म्हणतात. तिथं त्यांनी औषध दोन वेळा घेतलं.

राजवाडा गावाच्या मधोमध. नायक राजांनी सुरू केला, मराठ्यांनी वाढवला. बाहेरून पाहिलं तर निराशा होते, पडझड, पोपडे, मोटारसायकली. तिकिटंही एक नाही, वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी, आणि हे कुणी आधी सांगत नाही. मराठा दरबाराच्या खांबांवरचे रंग भडक आहेत, आईंच्या शब्दांत ‘लग्नाच्या हॉलसारखे’. सरफोजी राजांचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, जॉन फ्लॅक्समन ह्या इंग्रज शिल्पकारानं केलेला. हे सगळं अर्ध्या तासात उरकलं तरी चालेल.

वेळ ठेवायचा तो इथल्याच कलादालनातल्या चोळ कांस्यमूर्तींसाठी. एका मूर्तीपुढे आम्ही पंधरा मिनिटं उभ्या होतो. तिरुवेंकाडूला जमिनीत सापडलेला शिव, १०११ सालचा. जटा म्हणजे सापांचं पागोटं, एक पाय दुसऱ्यावर तिरका टाकलेला, आणि उजवा हात हवेत, कोपरातून सैल वाकलेला, कशावर तरी टेकवल्यासारखा. ज्यावर टेकवला तो नंदी आता नाही. पण हात इतका निर्धास्त विसावलाय की नंदी दिसतो. आई म्हणाल्या, “ह्याचा नंदी काल देवळात पाहिला तो.” तो नंदी एका दगडातला, नायकांच्या काळातला, सहा मीटर लांब, ह्या मूर्तीशी त्याचा संबंध नाही. मी काही दुरुस्त केलं नाही. मला ते वाक्य कुठल्याही माहितीफलकापेक्षा बरं वाटलं.

सरस्वती महाल हे ग्रंथालय अभ्यासकांसाठी. आपल्याला त्याचं छोटं संग्रहालय पाहता येतं. ताडपत्रं आहेत, तळहाताएवढ्या जागेत बारीक अक्षरांत लिहिलेले ग्रंथ आहेत, माणसांचे चेहरे प्राण्यांशी ताडून काढलेली फ्रेंच चित्रं आहेत, चिनी शिक्षांची चित्रं आहेत. सरफोजी राजांना कशातही रस होता असं दिसतं. श्वार्ट्झ ह्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली ते शिकले, डोळ्यांच्या रुग्णांच्या उपचारांच्या नोंदी करवून घेतल्या, छापखाना काढला. इसापनीतीचं मराठी भाषांतर १८०६ मध्ये ह्या तंजावरात छापलं गेलं. आपण मराठी नाटकाची सुरुवात १८४३ च्या सांगलीत मानतो, पण ह्याच घराण्यातल्या शाहराजांनी त्याच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी मराठी नाटकं लिहिली होती. मोडीतल्या दप्तरांचे गठ्ठे तर कितीतरी. आईंच्या वडिलांना मोडी येत होती. “शिकायला हवी होती,” एवढंच त्या म्हणाल्या.

आता फसवणुकीचं. राजवाड्यातून निघताना रिक्षावाल्याला म्हटलं, जेवायला ने. त्यानं वाटेत ‘पाचच मिनिटं’ म्हणून एका चित्रांच्या दुकानापुढे उभं केलं. आत थंडगार एसी, पेढे, कॉफी, आणि तंजावर चित्रांचा ढीग. किंमत सांगितली ती ऐकून मी पेढा परत ठेवला. सोन्याचा खरा वर्ख आहे म्हणत होते. आईंनी दुकानदाराला विचारलं, ह्याचा उठाव कशाचा? तो म्हणाला, खडूची पूड आणि चिंचोक्याची खळ. ती फळीवर कापड चिकटवून त्यावर चढवतात आणि वर वर्ख बसवतात. “चिंचोक्याची खळ म्हणजे घोंगडीला लावतात तीच की,” आई म्हणाल्या आणि तिथून पुढे तो माणूस सोन्यावर बोलत राहिला, आई खळीवर. काही घेतलं नाही. चित्र घ्यायचंच असेल तर वर्ख खरा की नकली ते बिलावर लिहून घ्यावं, आणि रिक्षानं नेलेल्या दुकानात तर घेऊच नये, रिक्षावाल्याचा वाटा किमतीत असतो. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर चिडले. तो म्हणाला, “जेवण समोरच आहे, अम्मा.” खरंच समोर होतं.

फूटपाथवरच्या एका दुकानातून आईंनी मान डोलावणारी बाहुली घेतली. कागदाच्या लगद्याची, बूड गोल आणि जड, कितीही पाडा परत उठते. जपून गुंडाळायला मी माझा टॉवेल दिला.

दुपारची झोप झाल्यावर तिरुवैयारु. तेरा किलोमीटर, बसनं. नावाचा अर्थच पाच नद्या, आणि वाटेत एकामागून एक पूल लागतात: वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. पाणी बेताचंच होतं. मेट्टूर धरणाचं सोडणं जानेवारीअखेर थांबतं, म्हणून फेब्रुवारीत वाळू जास्त. काठाला कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज ह्यांची समाधी. त्यागराज १८४७ मध्ये गेले. दर वर्षी पुण्यतिथीला शेकडो गवई त्यांच्या पंचरत्न कृती एकत्र गातात. आम्ही गेलो तेव्हा समाधीपुढे फक्त एक मुलगी क्लासचा सराव करत बसली होती, चुकली की पहिल्यापासून.

ही समाधी पडीक झाली होती, ती बंगळूरच्या नागरत्नम्मा ह्या गायिकेनं आपले पैसे घालून बांधून घेतली. देवदासी कुटुंबातली बाई. तेव्हा ह्या उत्सवात बायकांना गाऊ देत नसत. तिनं भांडून तेही मिळवलं. १९५२ मध्ये ती गेली. तिची मूर्ती आता त्यागराजांच्या समाधीकडे तोंड करून बसली आहे. आईंनी तिलाच आधी नमस्कार केला, मग त्यागराजांना.

यादीतलं दारासुरम, कुंभकोणम, स्वामीमलै सगळं राहिलं. कुंभकोणम चाळीस किलोमीटर आहे, त्याला एक दिवस वेगळा द्यायला हवा, ते तंजावरच्या शेपटीला बांधू नये. श्वार्ट्झचं चर्चही राहिलं, त्याची थोडी चुटपुट आहे.

तिरुवैयारुच्या ‘आंडवर’ दुकानातून अशोका हलवा घेतला. मुगाच्या डाळीचा, शेंदरी, तुपानं ओथंबलेला. अर्धा किलो नवऱ्यासाठी, पाव किलो आमच्यासाठी, असा हिशेब होता. गाडीत बसल्यावर आईंनी बाहुली खिडकीजवळच्या छोट्या फळीवर ठेवली. गाडी हलली की ती मान डोलवायची. समोरच्या बाकावरच्या लहान मुलानं तिला पाच-सहा वेळा आडवं केलं आणि ती दर वेळी उठली. आमचा पाव किलो बुदलूर येईपर्यंत संपला. मग आईंनी दुसऱ्या पाकिटाचा कागद उघडला, थोडा मला दिला, थोडा त्या मुलाला. मी म्हटलं, आई, हे त्याचं आहे. त्या म्हणाल्या, “त्याला कळणार आहे का किती होतं ते?”